शंका-समाधान : कवटीचं हाड परत बसवताना

जऊळका रेल्वे आणि वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या आसपासच्या गावांतून गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. 'डोक्याचं हाड काढून ठेवलंय, आता परत काय बसवायचं?' यात नवल नाही. नागपूर–संभाजीनगर जुना रस्ता याच तालुक्यातून जातो, समृद्धी महामार्गही जातो, आणि दुचाकीवर हेल्मेट घालणारा माणूस आपल्याकडे अजून विरळाच. अपघातात मेंदूला मार बसला की रुग्ण अकोल्याला किंवा नागपूरला जातो, जीव वाचतो, आणि घरी आल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेची चिंता सुरू होते. पत्रांतली नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून उत्तरे देतो आहे.

शंका : डॉक्टरसाहेब, दिवाळीच्या आधी माझे मालक मोटरसायकलवरून पडले. नागपूरला ऑपरेशन करून डोक्याचं हाड काढलं अन् ते पोटात ठेवलं म्हणतात. पोटाला हात लावला की चापट, कडक लागते. शेजारच्या बाया म्हणतात, हाड आत सडते, त्याचं विष अंगात भिनते. मले रात्र रात्र झोप नाही. पोटात हाड ठेवतातच कसं? अन् ते काढायचं राहून गेलं तर?

समाधान : ताई, हाड सडत नाही आणि त्याचे विष होत नाही, ही गोष्ट आधी मनातून काढून टाका. ते पोटाच्या आत, आतड्यांजवळ ठेवलेले नसते. पोटाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो, त्यात कप्पा करून ठेवलेले असते. मार लागल्यावर मेंदू सुजतो आणि कवटी तर चहूबाजूंनी बंद. सुजेला जागा मिळावी म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढतात. याला डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी (दाब उतरवण्यासाठी कवटीचे हाड काढणे) म्हणतात. सूज उतरायला आठवडे लागतात, तोवर हे हाड कुठेतरी जपून ठेवावे लागते. काही मोठ्या रुग्णालयांत उणे ७० ते ८० अंश सेल्सियसचे खास शीतकपाट असते. ते नसेल, किंवा पुढची शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी होण्याची शक्यता असेल, तर रुग्णाचे स्वतःचे पोट हीच उत्तम जागा ठरते. तिथे निर्जंतुक राहण्याची सोय असते, वीज गेल्याची भीती नसते आणि हाड रुग्णाबरोबरच राहते.

या पद्धतीत उणेही आहे. शरीर हळूहळू या हाडाच्या कडा शोषून घेते. काही महिन्यांत फरक फारसा पडत नाही, पण वर्षभर राहिले तर हाड पातळ आणि लहान होऊन पोकळीत नीट बसत नाही. तुमची दुसरी भीती, काढायचे राहून जाण्याची, पहिलीपेक्षा जास्त खरी आहे. शस्त्रक्रिया एका गावी, पट्टी दुसऱ्या गावी, तपासणी तिसरीकडे असे झाले की माहिती गळते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर हाड कुठे ठेवले आहे हे स्पष्ट लिहिले आहे ना, ते पाहा. नसेल तर त्या रुग्णालयातून लिहून आणा. पोटाची ती जागा लाल झाली, गरम लागू लागली, ठणकू लागली किंवा ताप आला तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. वॉर्डात अशा रुग्णाच्या डोक्याच्या पट्टीवर परिचारिका मार्करने 'नो बोन' असे ठळक लिहितात, म्हणजे कुशीवर वळवताना त्या बाजूला दाब पडू नये. घरी पट्टी नसते आणि लिहिलेलेही नसते. त्या बाजूने झोपू देऊ नका, आणि घराबाहेर पडताना डोक्यावर हेल्मेट असू द्या.

शंका : वडिलांचं वय ५८. अपघातात कवटीच्या हाडाचा चुरा झाला होता, म्हणून ते फेकून दिलं. आता एका दवाखान्यात टायटॅनियमची जाळी म्हणतात, दुसऱ्यात सिमेंट म्हणतात, तिसऱ्यानं थ्रीडी करून प्लॅस्टिकचं बनवू म्हणून सांगितलं. त्याचा आकडा ऐकून मी खालीच बसलो. सोयाबीनला भाव काय आहे, तुम्हाला माहीतच आहे. स्वस्तातलं घातलं तर वडिलांच्या जिवाला धोका का? उद्या लोक म्हणतील, पोरानं बापाच्या डोक्यात पैसे वाचवले.

समाधान : तुमचे शेवटचे वाक्य वाचून थोडा थांबलो. असल्या बोलण्याची धास्ती अनेक घरांना कर्जात नेते. म्हणून सरळ सांगतो. महाग वस्तू घातली म्हणून रुग्ण जास्त जगतो किंवा मेंदू जास्त सुधारतो, असे नाही. तिन्ही वस्तू जगभर वापरल्या जातात आणि सगळ्या प्रकारच्या रुग्णांत एकच वस्तू सरस ठरली आहे, असे आजवर दिसलेले नाही. वस्तू निवडताना पाहायचे ते पोकळी केवढी, कुठे, वरची कातडी कशी आणि पूर्वी जंतुसंसर्ग झाला होता का.

'सिमेंट' ऐकून दचकू नका, घराच्या बांधकामाशी त्याचा संबंध नाही. त्याला बोन सिमेंट (हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे ॲक्रिलिक) म्हणतात. पावडर आणि द्रव एकत्र कालवले की कणकेसारखा गोळा होतो, उग्र वास सुटतो आणि दहाएक मिनिटांत तो दगडासारखा घट्ट बसतो. घट्ट होताना तो चांगलाच तापतो. म्हणून थेट मेंदूच्या आवरणावर ठेवून आकार देत असतील तर गार पाण्याची धार सोडत राहावे लागते. त्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून थ्रीडी छपाईने साचा करायचा आणि साच्यात सिमेंट ओतून, गार झाल्यावर, तयार तुकडा बसवायचा. यात आकार बरोबर येतो आणि खर्च आटोक्यात राहतो. कवटीसाठी ॲक्रिलिक १९४० पासून वापरात आहे, म्हणजे त्याचे गुणदोष डॉक्टरांना पुरते ठाऊक आहेत. दोष दोन : जोराचा मार लागला तर ते तडकू शकते, आणि जंतू एकदा चिकटले की औषधाने सहसा जात नाहीत, ते काढावेच लागते.

टायटॅनियम हा हलका, न गंजणारा धातू. जाळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि चार-पाच मिलिमीटर लांबीच्या बारीक स्क्रूंनी कवटीच्या कडेला बसवतात. ती तडकत नाही आणि शरीर ती चांगली स्वीकारते. सपाट जाळी शस्त्रक्रियेच्या वेळी हाताने वाकवून बसवता येते. कानामागे किंवा बाजूला केसांखाली पोकळी असेल तर एवढे पुरते. पण पोकळी मोठी असेल, कपाळावर किंवा भुवईपर्यंत असेल, तर हाताने वाकवलेल्या जाळीला नैसर्गिक गोलाई येणे अवघड. तिथे सीटीवरून आधीच घडवून आणलेली जाळी बरी. धातूचा एक तोटा असा की वरची कातडी फार पातळ असेल, तर काही वर्षांनी जाळीची कड कातडीतून डोकावू शकते. पुढे सीटी काढल्यास जाळीच्या आसपासचे चित्र थोडे अस्पष्ट येते, पण वाचता येते.

तिसरे जे 'प्लॅस्टिक', ते बहुधा पीईईके (हाडाइतकेच लवचीक, उष्णता सोसणारे पॉलिमर). ते कारखान्यात सीटीवरून रुग्णापुरते घडवतात, त्यामुळे आकार हुबेहूब येतो. वजन कमी, स्कॅनमध्ये अडथळा नाही. हे तिन्हींत महाग. हाड मात्र त्याच्याशी जुळून येत नाही, ते स्क्रूंच्या आधारानेच राहते. संसर्गाचा धोका यालाही आहे.

हाडाचा चुरा झाला आणि ते फेकले, म्हणजे स्वतःचे हाड हा पर्याय तुमच्यासाठी उरला नाही. पत्रासोबतच्या अहवालावरून पोकळी डाव्या बाजूला, केसांच्या भागात आहे, मध्यम आकाराची आहे आणि जखम कोरडी भरली आहे. इतके खरे असेल तर साच्यातले सिमेंट किंवा टायटॅनियमची जाळी, दोन्हींपैकी काहीही रास्त आहे. पीईईकेसाठी जमीन गहाण ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. अंतिम निर्णय मात्र वडिलांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या न्यूरोसर्जनचाच (मेंदू व मज्जासंस्थेचे शल्यविशारद). त्यांना विचारा की त्यांच्या हाताला कोणत्या वस्तूचा सराव जास्त आहे. ज्या वस्तूचा सराव, ती बसवताना चुका कमी होतात. हा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला शल्यविशारद दुखावत नाही.

आणि वस्तू कोणतीही असो, तिच्या पाकिटावरचे चिकटपत्र मागून घ्या. त्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शरीरात बसवायच्या वस्तू वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतात, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ते चिकटपत्र डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या.

शंका : माझ्या डोक्यात टायटॅनियमचा पत्रा आहे. मी शेतात मजुरी करतो. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन कसं असते, तुम्ही जाणताच. पत्रा तापून मेंदू शिजेल का? अन् पावसाळ्यात लोक म्हणतात, डोक्यात लोखंड आहे तर वीज तुझ्यावरच पडंल. कामावर जायची भीती वाटते.

समाधान : दादा, ही भीती घेऊन येणारे तुम्ही एकटे नाहीत. अकोला-वाशीमच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण जाळी उघडी नसते. तिच्यावर डोक्याची कातडी असते आणि कातडीतून रक्त सतत खेळत असते. ते रक्त जाळीला शरीराच्या तापमानावर धरून ठेवते. शिवाय टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात मंद आहे, ॲल्युमिनियमच्या जेमतेम दहावा हिस्सा. मेंदू शिजणे वगैरे होत नाही. काही जणांना थंडीत त्या जागी गारवा किंवा उन्हात थोडी ऊब जाणवते, ते त्रासदायक असू शकते, धोक्याचे नाही. रुमाल, टोपी घाला, दुपारचे काम सकाळी उरका. हे तर प्रत्येकानेच करावे.

विजेचे म्हणाल तर, वीज उंच आणि एकाकी गोष्टीवर पडते, म्हणजे झाडावर किंवा मोकळ्या रानात उभ्या माणसावर. कातडीखालच्या नखाएवढ्या जाडीच्या जाळीला ती शोधत येत नाही. टायटॅनियम लोखंड नाही, चुंबक त्याला ओढत नाही, त्यामुळे एमआरआयसुद्धा करता येतो. फक्त आधी सांगायचे आणि कागद दाखवायचे. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली उभे न राहता पक्क्या घरात जा. हा नियम डोक्यात जाळी नसलेल्यांनाही तितकाच लागू आहे.

शंका : आम्ही माळकरी आहोत. आईच्या डोक्यात जे बसवणार त्यात जनावराचं हाड असते असं कोणीतरी सांगितलं. आई म्हणते, तसं असंल तर मले तसंच राहू द्या. काय करावं?

समाधान : आईंचे मन समजते आणि त्यांना खोटे सांगून शस्त्रक्रियेला तयार करण्याची गरजही नाही. टायटॅनियम धातू आहे, बोन सिमेंट आणि पीईईके रसायनांपासून बनतात. यांत प्राण्यांचे काहीही नाही. स्वतःचे हाड जपलेले असेल तर प्रश्नच उरत नाही.

पण पूर्ण खरे सांगायचे तर दोन जागा अशा आहेत जिथे विचारून घ्यावे. एक, हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडात असणारे कॅल्शियमयुक्त खनिज). ते बहुतेक कारखान्यात तयार होते, पण काही प्रकार गाईगुरांच्या हाडांपासूनही करतात. दोन, मेंदूवरच्या आवरणाला ठिगळ लावण्यासाठी वापरले जाणारे काही पातळ पडदे प्राण्यांच्या कोलॅजेनपासून (कातडी, हाडे यांतले तंतुमय प्रथिन) बनतात. दोन्हींना पर्याय आहेत. ठिगळासाठी बऱ्याचदा रुग्णाच्याच मांडीचा किंवा डोक्याचा पातळ पडदा घेतात. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना 'आम्ही माळकरी आहोत, प्राण्यापासूनचे काही नको' असे स्पष्ट सांगा आणि संमतिपत्रावर लिहून घ्या.

आईंना एक जुनी हकीकत सांगा. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच शल्यविशारदाच्या पुस्तकात एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवल्याची नोंद आहे. शस्त्रक्रिया जमली, पण चर्चने त्याला वाळीत टाकले आणि बिचारा ते हाड काढून द्या म्हणून परत गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातही लोकांना हीच चिंता होती. आज निवडीला भरपूर पर्याय आहेत, म्हणून केवळ या भीतीने पोकळी तशीच ठेवू नये.

शंका : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. गच्चीवरून पडला. हाड काढून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ते बसवलं, पण आता सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणतात हाड विरघळत चाललंय. पुन्हा ऑपरेशन? मुलाचं डोकं वाढत जाणार, मग आज बसवलेलं उद्या लहान पडणार ना? माझी हिंमत संपली आहे.

समाधान : हाड विरघळणे यात तुमची किंवा कुणाची हलगर्जी नाही. काढून ठेवलेले हाड परत बसवल्यावर ते जिवंत हाडाशी जुळून यावे लागते. मुलांत हे हाड शोषले जाण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते, हे सगळीकडे दिसून आलेले आहे. तरीही बहुतेक शल्यविशारद मुलांमध्ये आधी स्वतःचे हाडच बसवतात, आणि ते योग्यच आहे. जमले तर कायमचा प्रश्न सुटतो आणि डोक्याबरोबर ते वाढतेही.

वाढीबद्दल थोडा दिलासा. सहा-सात वर्षांच्या मुलाची कवटी मोठ्या माणसाच्या कवटीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक आकाराला आलेली असते. पुढची वाढ कमी आणि हळू. म्हणून या वयात सीटीवरून बेतलेली वस्तू बसवली तर ती दर दोन वर्षांनी बदलावी लागेल असे नाही. दीड-दोन वर्षांखालच्या बाळांचे गणित वेगळे. त्यांच्या मेंदूवरच्या आवरणात नवे हाड तयार करण्याची ताकद असते, म्हणून तिथे डॉक्टर कधी कधी मुद्दाम थांबतात. तुमच्या मुलाला शाळेत पाठवताना सध्या हेल्मेट असू द्या, आणि शिक्षकांना सांगून ठेवा.

पुन्हा शस्त्रक्रिया अशक्यप्राय वाटत असेल तर आपल्याच राज्यातले उदाहरण सांगतो. २०१८ मध्ये पुण्याच्या भारती रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग थ्रीडी पद्धतीने बेतलेल्या पॉलिएथिलीनच्या तुकड्याने भरून काढला. तिलाही आदल्या वर्षी अपघात झाला होता आणि तो तुकडा अमेरिकेतील कंपनीकडून तिच्या मोजमापाने करून आणला होता. इतकी मोठी पोकळी तुमच्या मुलाची नाही. त्याला लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या न्यूरोसर्जनकडे न्या. मग हाड पूर्ण जाईपर्यंत थांबायचे की आताच बदलायचे, हे ते नव्या सीटीवरून ठरवतील. यात एक-दोन महिन्यांनी बिघडत नाही, म्हणून घाईने निर्णय घेण्याचे कारण नाही.

शंका : भावाच्या डोक्याचं हाड काढून आठ महिने झाले. तो चालतो, बोलतो. पण त्या जागी आता खड्डा पडला आहे, उठून बसला की डोकं दुखतं, चक्कर येते, आडवा झाला की बरं वाटतं. हात जड झाल्यासारखाही म्हणतो. घरचे म्हणतात, जीव वाचला तेवढं पुरे, आता डोक्याला पुन्हा हात लावू नका.

समाधान : घरच्यांचे म्हणणे मायेपोटी आहे, पण या पत्रात मला काळजीची खूण दिसते. हाड नसलेल्या जागी बाहेरच्या हवेचा दाब कातडी आणि मेंदू आत ढकलतो. उभे राहिल्यावर तो दाब जास्त जाणवतो आणि डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, कधी हातापायात अशक्तपणा येतो. १९३९ पासून वैद्यकशास्त्रात या त्रासाची नोंद आहे. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी नसते. पोकळी बुजवली की अनेकांचा हा त्रास कमी होतो, काहींचे चालणे-बोलणेही सुधारते.

वेळेचा ठोकताळा असा. सूज उतरली, जखम भरली की साधारण दीड ते सहा महिन्यांच्या दरम्यान, बहुधा तिसऱ्या महिन्याच्या आसपास, हाड बसवतात. मध्ये जंतुसंसर्ग झाला असेल तर काही महिने जास्त थांबतात. आठ महिने म्हणजे उशीर झालाय, हातातून गेलेले नाही. हात जड वाटतो हे लक्षण असल्याने या आठवड्यात सीटी करून न्यूरोसर्जनला दाखवा. खड्डा नसून फुगवटा असता तर मेंदूत पाणी साचले आहे का हे आधी पाहावे लागले असते. तेव्हा आधी तपासणी, मग पोकळी बुजवण्याचा निर्णय. आकडीच्या (फिट येण्याच्या) गोळ्या सुरू असतील तर त्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, शस्त्रक्रियेच्या दिवशीसुद्धा नाही.

शंका : योजनेत केलं तर हलकं सामान घालतात का?

समाधान : नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली) आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे मोफत उपचार देते आणि कवटीची पोकळी बुजवण्याची शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहे. योजनेत दराची मर्यादा असते, त्यामुळे पीईईकेसारखी महाग वस्तू सहसा मिळत नाही. सिमेंट किंवा साधी जाळी मिळते, आणि ती हलकी नाही, हे वर सांगितलेच. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. योजनेत मंजुरी मिळाल्यावर कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि नागपूरच्या सुपर स्पेशालिटीत आधी चौकशी करावी. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्येच सुरू झाले आहे, तेव्हा अशा शस्त्रक्रियेची सोय तिथे आहे का ते विचारूनच जा.

शंका : टाक्यांच्या जागेतून पंधरा दिवसांपासून पिवळं पाणी येते. सिमेंट बसवून अडीच महिने झाले. सासूबाई हळद दाबतात. ताप थोडा आहे. डॉक्टर लांब आहेत, मेडिकलमधून गोळ्या आणल्या तर चालतील का?

समाधान : या ताईंना आम्ही उत्तर छापून येण्याआधीच फोनने कळवले. इथे छापतो ते इतरांसाठी. बसवलेल्या वस्तूवरच्या जखमेतून पाणी किंवा पू येणे म्हणजे आत जंतू असण्याची शक्यता. वस्तूभोवती चिकटलेल्या जंतूंपर्यंत गोळीचे औषध पुरेसे पोचत नाही. अर्धवट गोळ्यांनी ताप दबतो, आजार दबत नाही, आणि तपासणीत जंतू सापडणेही अवघड होते. सासूबाईंनी हळद मायेनेच लावली, पण उघड्या जखमेत हळद, राख, तेल काहीच घालू नये. जखम स्वच्छ कोरड्या पट्टीने झाका आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे लगेच जा. कदाचित वस्तू काढून, संसर्ग बरा करून, काही महिन्यांनी पुन्हा बसवावी लागेल. ऐकायला हे जड वाटते, पण वेळेवर गेलेल्यांत ते बहुधा नीट पार पडते.

ज्यांच्या घरी डोक्याची अशी शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : जखमेतून पाणी, ताप, वाढती डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी, आकडी, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, यांपैकी एकही दिसले तर १०८ ला फोन करा आणि मेंदूशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. जाताना जुनी फाईल, सीटीच्या फिल्म आणि बसवलेल्या वस्तूचे चिकटपत्र बरोबर घ्या.